भट्टीवाल्याची सुट्टी

९ जानेवारी. बाहेर उणे एकतीस अंश.

एक्केचाळीस वर्षं मी वही लिहीत आलो, पण ती कामाची. कुणाचं घर, काय तक्रार, काय केलं. ‘शाळेजवळची म्हातारी. भट्टी पेटत नाही. नळीत उंदीर.’ एवढंच. सप्टेंबरात धंदा ड्वेन नावाच्या पोराला विकला आणि तेव्हापासून वही कोरी आहे. तरी सकाळी कॉफी घेतली की हात आपला वहीकडे जातो.

माझी बायको वर्ना म्हणाली, “मग स्वतःचीच तक्रार लिही ना. तू काय कमी बिघडलायस?”

तर लिहितो. तक्रार: येत्या बुधवारी बार्बाडोसला जायचं आहे. चौदा दिवस. समुद्राकाठी.

ही तक्रार आमच्या सेलकर्क गावात कुणाला सांगायची सोय नाही. जानेवारीत इथला माणूस ऊन म्हटलं की बायबल ऐकल्यासारखा गप्प होतो. पण मी जन्मात हिवाळ्यात गाव सोडलेलं नाही. साथीच्या दिवसांत डॉक्टर गाव सोडत नाही, तसा हिवाळ्यात भट्टीवाला. प्रत्येक घराच्या तळघरात घर उबदार ठेवणारी एक भट्टी, आणि ती विझली की सहा तासांत नळ गोठायला लागतात. या गावातल्या निम्म्या भट्ट्या मी आवाजावरून ओळखतो. फोनवर नुसती ऐकवली तरी सांगतो काय झालंय ते. वर्ना म्हणते, “भट्टीचं सगळं ऐकू येतं याला.” पुढचं बोलत नाही.

तिला समुद्र दाखवायचा शब्द मी लग्नाच्या वर्षी दिला होता. तीनदा तिकिटं काढली. एक्क्याण्णव साली शाळेची भट्टी गेली. दोन हजार तीनला वृद्धाश्रमाची. दोन हजार चौदाला तर आम्ही विमानतळाच्या वाटेवर होतो, आणि मी गाडी वळवली.  घरी येऊन वर्नाने बॅगेतून पोहायचा निळा पोशाख काढला, घडी केली, कपाटात ठेवला. त्याचं दुकानातलं लेबल एक्क्याण्णवपासून तसंच लटकतंय.

या वेळी तिकिटं तिने काढली. मला म्हणाली, “या वेळी वळलास तर मी जाईन. एकटी. आणि परत यायचं की नाही, ते तिथं बसून ठरवीन.”

हसत म्हणाली. मीही हसलो. फक्त तिचं हसणं नेहमीपेक्षा जरा लवकर संपलं. माझे कान तिखट आहेत.

१२ जानेवारी. उणे चौतीस.

सकाळी ड्वेनचा फोन. मी जिन्यात होतो. वर्नाने उचलला.

“नाही, बाहेर गेलाय तो... हो, ऐकतेय... असेल त्याच्याकडे एखादा, पण अठ्ठावीस तारखेनंतर बघ.” मग बराच वेळ काही नाही. मग हळू आवाजात, “कुणाकडे म्हणालास?” आणि आणखी हळू, “बरं. मी बघते.”

मी खाली आलो तर म्हणाली, “ड्वेन होता. कसल्या तरी जुन्या भट्टीचा सुटा भाग हवाय. मी सांगितलं, नेस्टर केस कापायला गेलाय.”

माझ्या डोक्यावर वीस वर्षांत कापण्याजोगं काही उगवलेलं नाही. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. चार महिने झाले नाहीत तोवर पोराला माझ्यावाचून अडायला लागलं.

नंतर ती अंगावर कोट टाकून मायरनकडे गेली. मायरन दुबिक, आमचा शेजारी. दोघांच्या भिंतींत गाडी जाईल एवढंच अंतर. तो माझ्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना ‘कुमे’ म्हणतो, आमच्या युक्रेनी रिवाजाप्रमाणे. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नताल्का गेली. तेव्हापासून बोलतो कमी आणि चुका काढतो जास्त.

वर्ना अर्ध्या तासाने आली. डोळे लाल.

“काय गं?”

“थंडी. दुसरं काय असणार.”

मग तिला कामाचा जोर चढला. पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी धुतल्या. कोबीच्या पानांत भात भरून होलुब्त्सी करायला बसली, ते लग्नघर असल्यासारखी. मोठं पातेलं भरलं, दुसरं भरलं.

“अगं, परवा निघायचंय आपल्याला. हे खाणार कोण?”

“परत आल्यावर भूक लागेल.”

“चौदा दिवसांनी?”

“तू चादरीचं ते टोक धर आणि गप्प बस.”

प्रवासाच्या आधी बायका घर आवरतात हे ऐकून होतो. रिकाम्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत नवीन उशी कशाला, ते मात्र कळलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात न कळलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. त्यात ही एक.

१३ जानेवारी. उणे तेहतीस.

लाल दिवा लावला. हिवाळ्यात घर बंद करून जाणारा प्रत्येक जण तो लावतो, आणि या गावात बहुतेकांना तो मीच दिलाय. साधी वस्तू. भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसायची, तिला टेबलावरचा दिवा जोडायचा, दिव्यात लाल बल्ब. घर सात अंशांच्या खाली गेलं की दिवा आपोआप पेटतो. शेजाऱ्याने खिडकीत लाल दिसला की समजायचं, आत भट्टी मेली. मग तो भट्टीवाल्याला फोन करणार. तीनशेच्या वर खिडक्यांत मी ते बसवलेत. प्रत्येकाला एकच सांगायचो, “माणूस घरात असो वा नसो, हा काढायचा नाही.”

मायरनला किल्ली दिली. रोज कुणीतरी घरात डोकावलं पाहिजे, ही विमावाल्यांचीच अट आहे.

“सकाळी दहाला ये,” मी म्हणालो. “तळघरात उतर, भट्टी ऐक, नळ सोडून बघ. मी घरच्या फोनवर फोन करीन.”

“कुमे, तू समुद्रावर चाललायस की तुरुंगात?”

“का?”

“हजेरी माझी आहे आणि घाम तुला फुटलाय.”

“तुझी भट्टी कशी आहे?” मी सहज विचारलं. त्याच्या घरातली भट्टी म्हणजे मी स्वतंत्रपणे बसवलेली पहिली. चौऱ्याऐंशी सालची. तिची मी अजून लेकीसारखी विचारपूस करतो.

“तुझीच आहे ती,” मायरन म्हणाला. “तुझ्यासारखीच. जुनी आणि हट्टी.”

वर्ना ओट्याशी उभी होती. तिच्या हातून झाकण पडलं.

१४ जानेवारी. निघताना उणे छत्तीस.

मायरन आम्हाला विमानतळावर सोडायला आला तो तीन स्वेटर, त्यावर जाड कोट, त्यावर मफलर. दाराशी मावेना.

“काय रे, उत्तर ध्रुवावरून आलास?”

“म्हातारपण,” म्हणाला. “तुला येईल तेव्हा कळेल.” माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा आहे.

उजाडलं नव्हतं. गाडीत बॅगा टाकताना त्याच्या घराकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लाल दिवा जळत होता. आमचा नाताळ सात तारखेला असतो आणि एकोणीसच्या योर्दानच्या सणापर्यंत कुणी रोषणाई काढत नाही. पण मायरनने बाकीची माळ उतरवून एकच दिवा तसाच ठेवलेला. मी वर्नाला कोपर मारलं, “बघ, आळशाने एक राखून ठेवलाय. पुढच्या वर्षी तेवढंच कमी काम.”

वर्ना म्हणाली, “बस गाडीत, नेस्टर.” कधी नव्हे ते दार तिने ओढून घेतलं.

विमानतळाच्या दाराशी रिवाजाप्रमाणे कोट काढून मायरनच्या गाडीत टाकले. तिकडे ते कशाला हवेत? त्याने गाडी दाराशी टेकवली आणि आम्ही नुसत्या सदऱ्यांत आत धावलो. वीस पावलं, पण उणे छत्तीसात वीस पावलं म्हणजे जन्मभर लक्षात राहणारी. आत पोचून वळून बघितलं तर मायरन अजून तिथेच. वर्नाने काचेतून हात हलवला आणि बराच वेळ हलवत राहिली.

विमान उडाल्यावर तिने विचारलं, “उडालं ना? आता वळत नाही ना हे?”

“नाही,” मी म्हणालो. “याला मी चालवत नाहीये.”

१५ जानेवारी. इथे अधिक एकोणतीस. सेलकर्क उणे सदतीस.

बार्बाडोसचं स्पाइट्सटाउन. घरमालकीण मिसेस ग्रीनिज. बाई सत्तरीची, चालते राणीसारखी. तिच्या घराला भिंतींपेक्षा खिडक्या जास्त, आणि खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी पट्ट्या. वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने न विचारता निघून जातो. अशा घराचं मी काय करू? त्यात ऐकण्यासारखं काही नाही. तळघर नाही.

मिसेस ग्रीनिज म्हणाली, “मिस्टर नेस्टर, म्हणजे तुम्ही लोक घराखाली जाळ पेटवता, आणि वर झोपता?”

“हो.”

“आणि शहाणे आम्हाला समजत नाहीत.”

दहाला, म्हणजे इथल्या बाराला, घरी फोन केला. मायरन म्हणाला, “सगळं ठीक. तुझी भट्टी तुझ्याशिवाय जास्त खूश आहे.” मी म्हटलं, फोन खाली नेऊन ऐकव. नेला. पंखा सुरू होताना दोन टिचक्या, मग घरघर. माझीच. सबंध दिवसात ऐकलेला पहिला ओळखीचा आवाज.

वर्ना समुद्र बघत बसली आहे. आत गेली नाही. म्हणते, एवढी वर्षं थांबलो, एक दिवस आणखी.

१७ जानेवारी. अधिक तीस. तिकडे उणे अडतीस.

वर्नाने बजावलं आहे: चौदा दिवस पान्याला हात लावायचा नाही. पण मिसेस ग्रीनिजचा फ्रिज असा खडखडत होता की उडता मासा ताटातून उडेल. मी तीन दिवस सहन केलं. आज वर्ना आंघोळीला गेलेली बघून म्हटलं, “बाई, हा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.” ओढला. गप्प झाला.

“पान्याशिवाय?” मिसेस ग्रीनिज बघतच राहिली.

“कान असले की पाना लागत नाही.”

मागून वर्ना म्हणाली, “ऐकलं मी.”

नवीन माणसांत फुशारकी मारायची ही वाईट सवय आहे. पण गावात आता कुणी मारू देत नाही.

१९ जानेवारी. योर्दान. अधिक एकोणतीस. तिकडे उणे एकोणचाळीस.

आज घरी असतो तर चर्चमधून पाणी आणून घरभर शिंपडलं असतं. वर्नाने समुद्राचं ओंजळभर पाणी माझ्या टकलावर शिंपडलं आणि म्हणाली, झालं. ती आता गुडघ्याइतक्या पाण्यात जाते. निळा पोशाख अजून बॅगेत. स्कर्ट वर धरून उभी राहते, जणू पाणी तिला बाहेर हाकलील.

एक गंमत झाली, की गंमत नाही, ठरवता येत नाही. संध्याकाळी पाच वाजता मला करमेना. तिकडे दुपारचे तीन. वाटलं, आपल्या रिकाम्या घरात फोनची घंटा कशी वाजते ते तरी ऐकावं. लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

“काय झालं?” मायरन.

“तू काय करतोयस तिथे?”

जरा थांबून, “भट्टी बघायला आलोय.”

“दहाला बघितली होतीस ना?”

“उणे एकोणचाळीस आहे, कुमे. दोनदा बघितली तर बिघडलं?”

मागे रेडिओ चालू होता. आणि किटली. आमची किटली उकळताना आधी तोतरी होते, मग शिट्टी वाजवते. मी वर्नाला सांगितलं, “मायरनने मुक्काम ठोकलाय आपल्याकडे. रेडिओ काय, चहा काय. माझी कोबासा सॉसेज तर केव्हाच संपवली असेल.”

“मग खाऊ दे,” वर्ना म्हणाली.

“त्याला स्वतःचं घर नाही का?”

ती म्हणाली, “नेस्टर, तो माणूस दोन वर्षं एकटा जेवतोय.” आणि पाण्याकडे चालू लागली.

बरोबर आहे. पण मग सरळ सांगावं ना. मी काय नाही म्हटलं असतं? माझ्या खुर्चीत बसलेला असणार.

२१ जानेवारी. अधिक तीस. तिकडे उणे एकेचाळीस.

आज दहाच्या फोनवर मायरन बोलता बोलता म्हणाला, “जिरेनियमला कळी आलीय. भर जानेवारीत. तुझ्या घरात ऊन चांगलं येतं.”

आमच्याकडे जिरेनियम नाही. जिरेनियम नताल्काचं. दर हिवाळ्यात ती कुंडी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची आणि ती गेल्यावर मायरन तिला नातवासारखं जपतो. ती कुंडी उचलून उणे चाळिसात आमच्याकडे आणायची म्हणजे कोटाच्या आत धरून आणली असणार.

वर्नाला विचारलं तर म्हणते, “ऊन चांगलं येतं म्हणाला ना? मग?”

सगळे मला ‘मग?’ म्हणतात. काहीतरी वाजतंय. भट्टीचं असतं तर एव्हाना सांगितलं असतं.

२२ जानेवारी. अधिक एकोणतीस. तिकडे उणे एकेचाळीस.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मिसेस ग्रीनिज शेंगा सोलत होती, वर्ना तिला मदत करत होती. बाई म्हणाली, “मिस्टर नेस्टर, तुम्ही इथे आणि जाळ तिथे. विझला तर कळणार कसं?”

मग काय, मला कोण थांबवणार. लाल दिव्याची सगळी गोष्ट सांगितली. सात अंश, बल्ब, खिडकी, तीनशे घरं. हातवारे करून. “समजा, अंधारात शेजाऱ्याच्या खिडकीत एकच लाल दिवा दिसला,” मी म्हणालो, “बाकी सगळं घर काळं, आणि एकच लाल दिवा...”

आणि तिथे थांबलो.

मिसेस ग्रीनिज म्हणाली, “मग? काय करायचं?”

मी वर्नाकडे बघितलं. ती शेंगांकडे बघत होती. सोलत नव्हती.

खोलीत येऊन ही वही उघडली. चौदा तारखेचं पान. माझंच अक्षर. ‘आळशाने एक राखून ठेवलाय.’ बारा तारखेचं पान. ‘कुणाकडे म्हणालास?’ चादरी. उशी. दोन पातेली. तीन स्वेटर. सगळं लिहून ठेवलेलं, ओळीने, कामाच्या वहीत तक्रार लिहावी तसं. फक्त ‘काय केलं’ तो रकाना रिकामा.

मी बसवलेली पहिली भट्टी. माझा कुमे. मी त्याच्या खिडकीकडे बघितलं आणि हसलो.

२३ जानेवारी. अधिक तीस. तिकडे उणे चाळीस.

सकाळी उठलो तो विमानाच्या विचाराने. टोरोंटोमार्गे उद्या रात्रीपर्यंत पोचता येतं, तेवढं मनाशी जुळवून ठेवलं. फोन करायला खाली जाणार, तर वर्नाने बॅग पलंगावर उघडून ठेवलेली. तिचे कपडे नाहीत, माझे. सदरे घडी करून आत ठेवलेले. निळा पोशाख खुर्चीच्या पाठीवर.

“तुला बारा तारखेपासून माहीत होतं,” मी म्हणालो.

“हो.”

“ड्वेनने सांगितलं.”

“ड्वेन म्हणाला, भाग मिळत नाही, नवीन भट्टी घ्या. मायरन म्हणाला, नेस्टरची आहे, नेस्टरच बघेल, तो आल्यावर. मी त्याच्याकडे गेले ते, मी तुला सांगणार आहे, हे सांगायला. त्याने मला हात जोडले, नेस्टर. म्हणाला, सांगितलंस तर तो जाणार नाही, आणि तुझी ही चौथी वेळ असेल. पाणी त्याने स्वतःच बंद केलं, नळ उपसून कोरडे केले, तू शिकवलंस तसं. मी म्हटलं, मग आमच्याकडे राहायचं. डोकावायचं नाही, राहायचं.”

“पण मला कळायला हवं होतं.”

“सगळ्या गल्लीला कळलं होतं,” ती म्हणाली. “दिवा सगळ्यांना दिसला. मला वाटलं, गाडीत बसताना तुला दिसेल आणि संपलं सगळं. तू बघितलास. आणि हसलास.” तिने सदऱ्याची घडी पुन्हा घातली, जी आधीच घातलेली होती. “मी गप्प बसले. हे मी मायरनसाठी केलं नाही. माझ्यासाठी केलं. त्याचं मला वाईट वाटतं. पण परत तशीच वेळ आली तर परत तेच करीन. आता तू काय ते ठरव.”

मी खिडकीपाशी उभा राहिलो. समुद्राचा आवाज सारखा चालू असतो, त्यात बिघाड शोधता येत नाही. मायरन माझ्या घरात उबेत आहे. त्याचे नळ कोरडे आहेत. तिथे आज माझ्यावाचून अडलेलं काही नाही. अडलं आहे ते इथे.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. तिथे उभं राहून ते कळायला मला बराच वेळ लागला. 

“कात्री आहे?” मी विचारलं.

“कशाला?”

“ते लेबल कापायला.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग म्हणाली, “कात्री विमानात नेऊ देत नाहीत.” म्हणून मी दातांनी तोडलं.

दहाचा फोन मात्र केला.

“तुझी भट्टी ठीक आहे,” मायरन म्हणाला.

“माहीत आहे. कळी उमलली?”

“दोन उमलल्या.”

“कुमे, तळघरातल्या फ्रीजरमध्ये सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून चांगली कोबासा आहे. लपवलेली. ती काढ. आणि पाहुण्यांच्या खोलीतली खिडकी वरून जरा गळते, तिथे टॉवेल लाव.”

बराच वेळ फोनवर फक्त माझी भट्टी ऐकू आली.

“तुझ्या कानांपासून काही लपत नाही,” तो शेवटी म्हणाला.

“कानांचं सांगू नकोस. डोळे गेलेत. अठ्ठावीसला ये घ्यायला. त्याआधी येत नाही मी.”

“नाही येत?”

“वर्ना पाण्यात जातेय. मला बरोबर जायचंय.”

गेलो. पोहता दोघांनाही येत नाही. छातीइतक्या पाण्यात एकमेकांना धरून उभे राहिलो. लाट आली की वर्ना किंचाळायची आणि लाट गेली की विचारायची, “आणखी येईल ना?” तिचं हसणं आज लवकर संपलं नाही.

२८ जानेवारी. उणे बत्तीस.

मायरन विमानतळावर. गाडीच्या हीटरसमोर आमचे कोट पसरून गरम केलेले. त्याने वर्नाला कोट घातला आणि म्हणाला, “जळालीस की गं, भाजलेल्या बिटासारखी झालीस.” तिने त्याला मिठी मारली. मला म्हणाला, “तुझ्यात काही फरक नाही. बिघडलेलाच.”

घरी न जाता सरळ त्याच्याकडे. त्याआधी फक्त आमच्या गराजमध्ये. कॉफीचा जुना डबा, त्यात चाळीस वर्षांतले सुटे भाग. ड्वेनला न मिळालेला भाग, ज्योतीशेजारी बसते ती तांब्याची काडी, त्याच मापाची, तळाशी सापडली. मायरनच्या दारापासून मोजून तीस पावलांवर इतके दिवस पडून होती.

माझ्या त्या पहिल्या भट्टीसमोर गुडघ्यांवर बसलो. अकरा मिनिटं. पेटली. आवाज ऐकला. चाळीस वर्षांपूर्वीचाच, जरा खोकणारा.

मग आम्ही तिघं त्याच्या स्वयंपाकघरात कोट घालून बसलो. श्वासाची वाफ दिसत होती. खिडकीत लाल दिवा.

“काढायचा तरी,” मी म्हणालो. “किती दिवस जाळलास.”

“तूच सांगितलं होतंस, काढायचा नाही.”

भिंतीवरच्या तापमापकात उणे वीस होतं. उणे दहा. शून्य. पाच. सहा. आम्ही एखादी मॅच बघावी तसे दिव्याकडे बघत होतो. दोन-तीन तास झाले असतील, दिवा एकदा थरथरला आणि विझला.

“झालं,” मायरन म्हणाला. पण उठला नाही. आपल्याच घराकडे पाहुण्यासारखा बघत बसला. “आता सामान आणतो तुमच्याकडून. चार कपडे आणि कुंडी.”

“कपडे आण,” वर्ना म्हणाली. “कुंडी नको. फुलं आलीत, बाहेरच्या थंडीने जातील. वसंतापर्यंत आमच्या खिडकीत राहू दे. तू रोज येऊन पाणी घाल. दहाला.”

कुंडीला पाणी मीही घालू शकतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. वर्नाने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “कॉफी मी करून ठेवीन.”